सही कोणाची, खात्री कशाची? : डिजिटल पुराव्याच्या कायद्याची एक चिकित्सा

२७ सप्टेंबर २०१४ हा जालना विधानसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज दाखल करण्याचा शेवटचा दिवस होता. मुदत दुपारी तीनची. शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांचे अर्ज वेळेत आले, असे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी ठरवले. काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, ते तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी दिले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी हरकत घेतली. ती त्याच दिवशी फेटाळली गेली. पुढे मतमोजणीत खोतकरांना ४५,०७८ आणि गोरंट्याल यांना ४४,७८२ मते पडली. फरक २९६ मतांचा. प्रकरण निवडणूक याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेले.

वाद तसा एका ओळीचा होता : तीनच्या आत की तीननंतर? शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आत आणि बाहेर, व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. चित्रण पाहावे आणि निकाल द्यावा, असे कोणाही सामान्य माणसाला वाटेल. प्रत्यक्षात उच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१७ उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १४ जुलै २०२० रोजी आला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती. सर्वोच्च न्यायालयात सर्वाधिक खल झाला तो चित्रणात काय दिसते यावर नव्हे, तर त्या चित्रणासोबत एक सही केलेले प्रमाणपत्र हवे की नको, यावर.

मी वकील नाही, पोलीस खात्याशी किंवा कोणत्या प्रयोगशाळेशीही माझा संबंध नाही. गेली बरीच वर्षे स्वतःच्या आवडीने एका बाजूला न्यायालयांची निकालपत्रे आणि दुसऱ्या बाजूला डिजिटल फॉरेन्सिकची तंत्रपुस्तके ठेवून वाचत आलो आहे. या वाचनातून एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवत गेली, ती या लेखात मांडायची आहे. डिजिटल पुराव्याबाबत तंत्रज्ञ विचारतो, ‘ही नोंद तीच आहे कशावरून?’ आपला कायदा वीस वर्षे विचारत राहिला, ‘सही कोणाची?’ हे दोन प्रश्न एक नाहीत. आणि ते एक आहेत असे मानल्याची किंमत बहुतेक वेळा अशा माणसाला मोजावी लागते, ज्याच्या ताब्यात ते यंत्रच नसते.

प्रमाणपत्राचा जन्म

भारतीय पुरावा अधिनियम १८७२ सालचा. त्यात संगणकाचा विचार आला तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे. त्या वेळी कलम ६५-बी घालण्यात आले. त्याचा साचा घेतला इंग्लंडच्या १९६८ सालच्या दिवाणी पुरावा कायद्यातून. १९६८ साली संगणक म्हणजे एखाद्या कंपनीच्या खास खोलीत ठेवलेले भलेमोठे यंत्र. रोज ठरलेली माहिती आत जाणार, रोज ठरलेले कागद छापून बाहेर येणार. म्हणून कलमातल्या अटी तशाच : संगणक नेहमीच्या वापरातला असावा, त्यात नेहमीच्या कामकाजातली माहिती नियमित भरली जात असावी, त्या काळात तो नीट चालत असावा. आणि हे सगळे जबाबदार माणसाने सही करून सांगावे, तेही ‘आपल्या माहिती व समजुतीप्रमाणे’. इंग्लंडने ही तरतूद १९९५ साली रद्द केली. आपण ती पाच वर्षांनी उचलली.

पुढची कथा न्यायालयीन हेलकाव्यांची आहे. २००५ साली, संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ६५-बीचे प्रमाणपत्र नसले तरी मोबाईल कंपनीच्या कॉल नोंदींच्या छापील प्रती इतर कलमांखाली ग्राह्य धरता येतील. १८ सप्टेंबर २०१४ रोजी, केरळमधील एका निवडणूक वादात, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत फिरवले : प्रमाणपत्र नसेल तर सीडी पुरावा म्हणून स्वीकारताच येणार नाही. जालन्यात अर्ज भरण्याची मुदत संपली ती याच्या बरोबर नऊ दिवसांनी. २०१८ साली दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याच्याकडे प्रमाणपत्राचा आग्रह धरता येणार नाही. आणि २०२० साली जालन्याच्या प्रकरणात न्या. रोहिंटन नरीमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने २०१८चा निर्णय बाजूला सारून २०१४चा कायम केला.

पंधरा वर्षांत ‘नको – हवे – नेहमीच नको – हवेच’ अशी ही वाटचाल. या काळात देशभरात खालच्या न्यायालयांत किती सीडी, किती कॉल नोंदी, किती ध्वनिमुद्रणे आत आली आणि किती दारातून परत गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जालन्याचा निकाल : काय दिले, काय राहिले

जालन्याचे निकालपत्र मी अनेकदा वाचले. ते सुस्पष्ट आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत हजर केली तर प्रमाणपत्र सक्तीचे. आणि ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले, पण ते देणे दुसऱ्याच्या हातात होते, त्याच्यावर कायदा अशक्याची सक्ती करणार नाही. न्या. रामसुब्रमणियन यांनी स्वतंत्र मतपत्र लिहून इंग्लंड, अमेरिका, कॅनडा येथील कायद्यांचा प्रवास मांडला आहे आणि ज्या देशाकडून आपण हे कलम घेतले तो केव्हाच पुढे गेला, याची जाणीव करून दिली आहे.

आता प्रकरणातली वस्तुस्थिती पाहा. कॅमेरे निवडणूक यंत्रणेचे. चित्रण त्यांच्या ताब्यात. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सीडी हजर झाल्या, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळाले नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची साक्ष झाली, उलटतपासणी झाली. चित्रण नेहमीच्या कामकाजात झाल्याचे त्यातून पुढे आले. ते पुरेसे मानून उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही असे सांगितले, मात्र अशक्यतेचे तत्त्व लावून आणि इतर पुरावा पाहून अपील फेटाळले.

म्हणजे शेवटी न्याय झाला का? कागदावर झाला. पण ज्या यंत्रणेकडे यंत्र होते, तिने एक सही न दिल्यामुळे एवढा काळ गेला. आणि ‘मी सगळे प्रयत्न केले’ हे सिद्ध करण्याचा भार मात्र मागणाऱ्यावर पडला. गोरंट्याल राजकारणातले, वकिलांची फौज उभी करू शकणारे. हाच प्रसंग सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण मागणाऱ्या भाडेकरूवर किंवा बँकेच्या नोंदी मागणाऱ्या निवृत्त शिक्षकावर आला तर ‘शक्य ते सारे’ करायला त्यांच्याकडे किती बळ असेल?

दुसरी गोष्ट फॉरेन्सिकच्या अंगाने. सर्वोच्च न्यायालयापुढचा कायद्याचा प्रश्न प्रमाणपत्राचा होता, त्यामुळे निकालपत्राचा भर त्यावर असणे साहजिक आहे. पण असे चित्रण तपासणारा तंत्रज्ञ पहिला प्रश्न वेगळाच विचारेल. वाद त्रेपन्न मिनिटांचा आहे, मग कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर होते का? ते कोणी, कधी, कशाशी ताडून पाहिले? मूळ फाइल कॅमेऱ्यातून सीडीवर कोणत्या मार्गाने आली? मधे तिचे रूपांतर झाले का? ६५-बीच्या प्रमाणपत्रात यंत्र ‘नीट चालत होते’ असे एक वाक्य लिहिले की भागते. घड्याळ सात मिनिटे पुढे होते की बरोबर, हे त्यात लिहायला जागाच नाही.

तीन प्रश्न, एक सही

डिजिटल नोंदीबाबत तीन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. पहिला, ही नोंद आली कुठून? दुसरा, आली तेव्हापासून ती बदलली का? तिसरा, ती मुळात जे सांगते ते खरे आहे का? प्रमाणपत्र पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर देणारे साधन तंत्रज्ञांकडे आहे. त्याला हॅश म्हणतात. तिसऱ्याचे उत्तर या दोहोंपैकी कशातही नाही.

हॅश म्हणजे काय हे मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्याला लगेच समजेल. जुन्या राजपत्रांत मजकूर संपला की त्याखाली मोर्तब उमटवत. हेतू असा की, मजकूर इथे पुरा झाला, यापुढे कोणी ओळ वाढवू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्द तिथलाच. हॅश हे काम गणिताने करतो. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातल्या प्रत्येक अंकावर ठरलेली प्रक्रिया करून एक छोटी, ठरावीक लांबीची अंकाक्षरांची ओळ काढली जाते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. मूळ फाइलमध्ये एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी ही ओळ पार बदलून जाते. म्हणून जप्तीच्या वेळी हॅश काढून लिहून ठेवला आणि खटल्याच्या वेळी पुन्हा काढला, की मधल्या काळात हात लागला का हे कळते. मोर्तबाची नक्कल एखादा कारागीर करू शकत असे; चांगल्या हॅशची करणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग मी केला. मोबाईलवर काढलेला एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा दुसऱ्या फोनवर पाठवला. मग तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला. तिन्ही फाइलींचे हॅश काढले. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फोटोचा हॅश मूळ फोटोशी तंतोतंत जुळला. नेहमीसारखा पाठवलेला फोटो डोळ्याला तोच दिसत होता, पण त्याचा हॅश वेगळा होता. कारण पाठवताना तो आकसला गेला आणि कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहितीही गळून पडली. आज पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे माणसे पुरावा ‘पाठवतात’ ती बहुधा याच मार्गाने. कोणीही खोटेपणा केलेला नसतो. तरी मूळ नोंद वाटेतच हरवते.

जमवतानाच्या अडचणी

कायद्याच्या चर्चेत ‘मूळ यंत्र’ आणि ‘प्रत’ असे दोन सोपे कप्पे असतात. प्रत्यक्ष तपासात ते इतके सोपे राहत नाहीत.

जुन्या चकतीच्या हार्ड डिस्कबाबत पद्धत बसलेली होती. डिस्क काढायची, राइट ब्लॉकर नावाच्या उपकरणामार्फत जोडायची, म्हणजे वाचता येईल पण लिहिता येणार नाही, आणि पहिल्यापासून शेवटच्या अंकापर्यंत हुबेहूब प्रत घ्यायची. हॅश जुळवायचा आणि मूळ डिस्क सीलबंद करून पुढचे काम प्रतीवर करायचे. आता लॅपटॉपमध्ये एसएसडी असतात. त्यांत खोडलेल्या जागा साफ करण्याचे काम डिस्कच्या आतला नियंत्रक स्वतःच, पार्श्वभूमीवर करत राहतो. बाहेरून येणारी आज्ञा राइट ब्लॉकर अडवू शकतो, आत चाललेली झाडलोट नाही. नुसता वीजपुरवठा दिला तरी खोडलेली फाइल परत मिळण्याची शक्यता घटत जाते.

मोबाईलची गोष्ट त्याहून बिकट. जप्त केलेला फोन चालू ठेवला तर दुरून कोणी त्यातली माहिती पुसू शकतो. बंद केला तर आतली कुलूपबंद माहिती उघडणारी किल्ली स्मृतीतून जाते आणि फोन पुन्हा सुरू झाल्यावर पासवर्डाशिवाय काहीच हाती लागत नाही. म्हणून संदेशलहरी अडवणाऱ्या पिशवीत तो ठेवायचा. पण पिशवीतला फोन नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय चालू फोनमधून माहिती काढायची म्हणजे त्यात काही ना काही बदल होणारच. ब्रिटिश पोलिसांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी यावर व्यवहार्य तोडगा काढला होता : मूळ माहितीला हात लावू नये, लावावाच लागला तर तो लावणारा माणूस जाणकार असावा, आणि आपण काय केले, त्याचा परिणाम काय झाला हे त्याला सांगता यावे. बदल होणारच असेल तर तो लपवू नका, नोंदवा, असा त्याचा अर्थ.

सीसीटीव्हीत आणखी वेगळे. डीव्हीआर भरला की सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे बसते. अर्ज, पत्र, स्मरणपत्र या चालीने निघालेल्या माणसाच्या हाती चित्रण येण्याआधीच ते संपलेले असते. अनेक डीव्हीआरांची फाइल त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर चालते. ती दुसऱ्या स्वरूपात आणली की मूळ खुणा जातात. कधी कधी तर दुकानाच्या पडद्यावर चित्रण लावून त्याचेच मोबाईलवर चित्रीकरण केले जाते आणि तेच पुढे फिरते.

या सगळ्यात पंचनामा असतो. पंच म्हणून बोलावलेला चहावाला किंवा शेजारचा दुकानदार ‘एक काळ्या रंगाचा मोबाईल, जुना वापरता’ एवढे पाहून सही करू शकतो. चाकू किंवा नोटांच्या गड्डीबाबत ते चालते, कारण पंचाला दिसते तेच महत्त्वाचे असते. मोबाईलच्या बाबतीत जे महत्त्वाचे ते त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. मुद्देमालाच्या पाकिटावरची लाख शाबूत असते, आणि आत काय होते याची नोंद कोणाकडेच नसते.

नवा कायदा

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. ६५-बीची जागा आता कलम ६३ने घेतली आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत दिला आहे आणि त्यात हॅशला जागा मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट. दुसरा प्रश्न अखेर कायद्याने विचारला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रणही आता करावे लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी पाच वर्षांची सवलत आहे.

पण नमुना बारकाईने वाचला की तीन ठिकाणी अडखळायला होते.

पहिले, हॅशच्या पद्धती. नमुन्यात एसएचए-२५६बरोबर एमडी-५ आणि एसएचए-१ हेही पर्याय छापले आहेत. एमडी-५मध्ये दोन वेगळ्या फाइलींना एकच हॅश देता येतो हे २००४ साली दाखवले गेले. एसएचए-१बाबत तेच २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेने प्रत्यक्ष करून दाखवले. न्याय्यपणे सांगायचे तर, आधीच जप्त झालेल्या दुसऱ्याच्या फाइलीसारखा हॅश असलेली खोटी फाइल बनवणे आजही व्यवहारात जमलेले नाही. धोका आहे तो फाइल मुळात बनवणाराच लबाड असेल तिथे. तो आधीच दोन जुळ्या फाइली तयार करू शकतो, एक आज द्यायला आणि एक उद्या काढायला. तरीही खिळखिळे कुलूप नव्या दाराला लावण्याचे कारण काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरे, प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक यंत्राचा ताबा असणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण आणि तो सामान्य पक्षकाराला मिळणार कुठे? सरकार पक्षासाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत. धमकीचे ध्वनिमुद्रण घेऊन कौटुंबिक न्यायालयात उभ्या असलेल्या बाईसाठी कोण आहे? जालन्याच्या प्रकरणात एक सही मिळत नव्हती; आता दोन लागणार.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : हॅश कोणत्या क्षणी काढायचा, हे नमुना सांगत नाही. फोन सोमवारी जप्त झाला, तीन आठवडे मुद्देमाल खोलीत राहिला, मग प्रयोगशाळेत त्याचा हॅश निघाला. तो हॅश तिथून पुढची हमी देतो. मधल्या तीन आठवड्यांची नाही. मोर्तब उमटवण्यापूर्वी पत्र कोणाच्या हातात होते, हे मोर्तबाला ठाऊक नसते.

ताब्याची ही भीती काल्पनिक नाही. केरळमधील एका गाजलेल्या अत्याचार खटल्यात मेमरी कार्ड खुद्द न्यायालयाच्या ताब्यात असताना त्याचा हॅश बदलल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले आणि डिसेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याच्या चौकशीचा आदेश दिला. इथे बारकावा असा की, कार्डाचा हॅश बदलला म्हणून आतली चित्रफीत बदललीच असे नाही. नुसते कार्ड एखाद्या फोनमध्ये घातले तरी फोन आपल्या छोट्या फाइली त्यावर लिहितो. पण कोणीतरी ते घातले, हे मात्र हॅशने उघड केले. आधीचा हॅश नोंदवलेला नसता तर पीडितेला शंका घ्यायलाही आधार मिळाला नसता.

तिसरा प्रश्न

समजा सगळे नीट झाले. सही आहे, हॅश जुळतो, ताब्याची साखळी अखंड आहे. तरीही नोंद खोटी असू शकते. कारण हॅश एवढेच सांगतो की, फाइल तेव्हापासून तीच आहे. ती तिथे कोणी ठेवली, हे तो सांगत नाही.

एल्गार परिषद प्रकरणात नेमका हा वाद उभा राहिला. बचाव पक्षाला न्यायालयामार्फत मिळालेल्या डिस्कच्या प्रतीची अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासणी केली आणि २०२१ साली अहवाल दिला की, एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये दुरून घुसखोरी करून फाइली ठेवण्यात आल्या होत्या. तपास यंत्रणेने या अहवालावर आक्षेप घेतला आहे. कोणाचे म्हणणे खरे, हे पुरावा तपासून न्यायालयाने ठरवायचे आहे. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. प्रत मिळाली म्हणून निदान वाद तरी घालता आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली, वर उल्लेखिलेल्या केरळच्याच खटल्यात, मेमरी कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’ आहे आणि एरवी आरोपीला त्याची प्रत मिळायला हवी असे म्हटले; पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असल्याने त्या खटल्यात मात्र प्रतीऐवजी पाहणीची मुभा दिली. हे तत्त्व मला प्रमाणपत्राच्या सगळ्या चर्चेहून मोलाचे वाटते.

तिसरा प्रश्न न विचारण्याचे काय होते, हे पाहायला पुन्हा इंग्लंडकडे जावे लागते. तिथे फौजदारी खटल्यात संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची अट १९८४च्या कायद्यात होती. ती जाचक वाटून १९९९च्या कायद्याने काढून टाकली. मग उरले ते जुने गृहीतक : उलट सिद्ध होईपर्यंत यंत्र बरोबर. त्याच सुमारास ब्रिटिश पोस्टाने फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली आणली. प्रणाली तूट दाखवी, आणि पोस्टाची छोटी शाखा चालवणारा चोर ठरे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घरे विकून नसलेली तूट भरली. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

त्या शाखाचालकांच्या विरुद्ध हजर झालेल्या नोंदींवर मागाहून कोणी खाडाखोड केली होती, असे नव्हे. त्या नोंदी मुळातच चुकीच्या असू शकत होत्या. आणि प्रणालीतल्या ज्ञात चुकांची यादी होती ती तिच्या मालकांकडे, आरोपींकडे नव्हे. म्हणजे आपण ‘सही आणा’ म्हणत बसलो, इंग्लंड ‘सही नको, यंत्रावर विश्वास ठेवा’ म्हणाले. मार्ग उलटे, पण दोन्हींकडे यंत्र ज्याच्या हातात, पारडे त्याच्याकडे झुकले.

मागण्या साध्या आहेत

हे सगळे वाचून काय व्हावे असे मला वाटते, ते क्रमाने सांगतो. यातली एकही गोष्ट आजच्या तंत्राला अवघड नाही.

फोन किंवा डिस्क जप्त करताना शक्य तिथे जागेवरच हॅश काढावा, तो पंचनाम्यात लिहावा आणि त्याची प्रत ज्याचे यंत्र त्याच्या हातात तिथेच द्यावी. कुलूपबंद मोबाईलसारख्या ठिकाणी हे जमत नसेल तर का जमले नाही ते लिहावे, आणि पुढे यंत्र ज्या क्षणी उघडले जाईल तो प्रत्येक क्षण नोंदवावा. सीसीटीव्ही घेताना डीव्हीआरचे घड्याळ प्रमाणवेळेशी ताडून फरक किती, हे एका ओळीत लिहावे; त्रेपन्न मिनिटांच्या वादात ही एक ओळ प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल. चित्रण मागणारा अर्ज येताच ते पुसले जाऊ नये, ही जबाबदारी यंत्राच्या मालकावर टाकावी आणि सरकारी कार्यालयांपासून तिची सुरुवात करावी. प्रमाणपत्राच्या नमुन्यातून एमडी-५ आणि एसएचए-१ वगळावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरीब पक्षकाराला वकील मिळतो, तसा डिजिटल तज्ज्ञही मिळावा. आणि आरोपीला डिस्कची हुबेहूब प्रत न मागता मिळावी. जिथे पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न आहे तिथे त्याच्या तज्ज्ञाला पाहणीची सोय असावी.

यातली पहिली मागणी मला सर्वांत तातडीची वाटते, कारण तिला कायदा बदलण्याची गरज नाही. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवला आणि पोलीस ठाण्यातल्या दोन अंमलदारांना हॅश काढायला शिकवले तरी सुरुवात होईल. ती ६४ चिन्हांची ओळ ज्याच्या खिशात राहील, त्याला पुढे कोणाच्याही सहीची वाट न पाहता न्यायालयात एवढे तरी विचारता येईल की, माझ्या घरून नेले ते आणि तुमच्यासमोर ठेवले आहे ते एकच आहे का.